बिझेनचे कुंभार

मातीचे भांडे ही मानवाच्या संसारातील फार जुनी वस्तू होय. धातूचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, आणि काही देशांत तर शेतीला आरंभ होण्याच्याही आधी, माणसाने माती मळली, तिला आकार दिला आणि तिला अग्नीच्या स्वाधीन केले. जपान हा अशा देशांपैकी एक आहे. १८७७ साली एडवर्ड मोर्स या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने टोकियोजवळ ओमोरी येथे शिंपल्यांचा एक प्राचीन ढीग उकरला, तेव्हा त्याला दोरीचे ठसे उमटविलेली खापरे सापडली. त्या ठशांवरूनच जपानच्या त्या आदिम संस्कृतीला 'जोमोन' हे नाव मिळाले. पुढे उत्तर होन्शूमध्ये जी खापरे हाती आली, त्यांतील काही सुमारे १६ हजार वर्षांपूर्वीची आहेत, असे शास्त्रज्ञांनी ठरविले आहे. शिकार करणाऱ्या, मासे धरणाऱ्या आणि रानातील फळे गोळा करणाऱ्या लोकांची ही भांडी! ज्या देशात मातीच्या भांड्याची परंपरा इतकी दीर्घ आहे, त्या देशात कुंभाराच्या हातच्या वस्तूला देवघरातील वस्तूइतका मान मिळावा, यात नवल नाही.

तथापि आज आपणांपुढे मांडावयाचा आहे तो इतक्या दूरच्या काळाचा इतिहास नव्हे. जपानच्या एका लहानशा गावातील कुंभारांची सुमारे आठशे वर्षांची कहाणी मला सांगावयाची आहे. त्या गावाचे नाव इम्बे. होन्शू बेटाच्या पश्चिम भागात, सेतो नावाच्या शांत अंतर्देशीय समुद्राच्या काठाशी, आजच्या ओकायामा प्रांतात हे गाव वसले आहे. पूर्वी या मुलखाला बिझेन म्हणत. म्हणून तेथील भांड्यांनाही बिझेन हेच नाव पडले. याच मुलखात, इम्बेपासून जवळच, ओसाफुने नावाचे गाव आहे. तेथील तलवारी जपानमध्ये सर्वश्रेष्ठ मानल्या जात. एकाच भूमीने योद्ध्याच्या हाती तलवार दिली आणि शेतकऱ्याच्या घरी रांजण दिला. दोहोंच्या पाठीशी अग्नीचे ज्ञान होते.

बिझेनच्या भांड्यांचा विशेष असा, की त्यांना झिलई नसते. चिनी मातीच्या कपबशीवर जो काचेसारखा गुळगुळीत लेप असतो, तो तेथे कधीच दिला जात नाही. रंग नाही, चित्र नाही, वेलबुट्टी नाही. आपल्याकडील माठ, घागर, गाडगे यांनाही झिलई नसते. म्हणून कोणाला वाटेल, की ही भांडी आपल्या माठासारखीच असावीत. परंतु दोहोंत एक मूलभूत भेद आहे. आपल्या कुंभाराचा आवा साधारणपणे सातशे ते नऊशे अंश उष्णतेपर्यंत पोचतो. त्या उष्णतेत माती पक्की होते, पण तिची रंध्रे उघडी राहतात. त्या रंध्रांतून पाणी झिरपते, झिरपलेल्या पाण्याची वाफ होते आणि माठातील पाणी गार राहते. वैशाखातील आपली सारी तृप्ती त्या रंध्रांवर अवलंबून आहे! बिझेनचे भांडे मात्र बाराशे अंशांहून अधिक उष्णतेत, दहा-बारा दिवस तापत राहते. तेव्हा मातीचे कण अर्धवट वितळून एकमेकांत मिसळतात, रंध्रे बुजतात आणि भांडे जवळजवळ दगडाचे होते. टिचकी मारली तर धातूसारखा नाद निघतो. झिलईवाचून ते पाणी धरते, तेल धरते, मद्य धरते.

ही विद्या जपानात मूळची नव्हती. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास कोरियातून आलेल्या कारागिरांनी ती तेथे आणली. त्यापूर्वी उघड्यावर भांडी भाजली जात. कोरियन कारागिरांनी डोंगराच्या उतारावर बोगद्यासारखी भट्टी खोदली. खालच्या तोंडाशी जाळ घातला की ज्वाळा आपोआप वर ओढल्या जात आणि प्रचंड उष्णता उत्पन्न होई. त्यांनी फिरते चाकही आणले. या भट्ट्यांतून निघालेल्या करड्या, कठीण भांड्यांना 'सुए' म्हणतात. बिझेन मुलखाच्या दक्षिण भागात अशा भट्ट्या पुष्कळ होत्या. बाराव्या शतकाच्या अखेरीस तेथील कुंभार इम्बेच्या टेकड्यांच्या पायथ्याशी सरकले आणि हळूहळू त्यांच्या भांड्यांचा करडा रंग जाऊन त्या जागी तांबूस तपकिरी रंग आला. बिझेनचा खरा आरंभ येथून धरतात.

तो काळ जपानात योद्ध्यांच्या सत्तेचा होता. राजदरबारातील नाजूक अभिरुची मागे पडून शेतकरी, नावाडी, व्यापारी यांची वर्दळ वाढत होती. बिझेनच्या कुंभारांनी मुख्यतः तीनच वस्तू केल्या: बी-बियाणे व धान्य ठेवण्याची बरणी, पाणी, तेल किंवा मद्य साठविण्याचा मोठा रांजण, आणि आतून बारीक खाचा पाडलेले वाटणाचे पसरट भांडे. या वाटणाच्या भांड्याला जपानी लोक 'सुरिबाची' म्हणतात. आपल्या स्वयंपाकघरात पाटा-वरवंट्याचे जे स्थान होते, तेच तेथे सुरिबाचीचे. आंबविलेल्या सोयाबीनचा लगदा, तीळ, मुळे-कंद, सारे त्यात लाकडी दांड्याने घोटले जाई. बिझेनची सुरिबाची फेकली तरी फुटत नाही, अशी म्हणच जपानात रूढ झाली. कुंभाराला यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र कोणते हवे?

या भांड्यांच्या प्रसाराचे पुरावेही मनोरंजक आहेत. इप्पेन नावाच्या भ्रमंती करणाऱ्या एका बौद्ध साधूचे चरित्र १२९९ साली एका लांबलचक चित्रपटावर रंगविले गेले. त्यात बिझेन मुलखातील फुकुओका येथील बाजाराचे एक दृश्य आहे. कापड, तांदूळ, मासे यांच्या विक्रीबरोबर तेथे मोठमोठे रांजण आडवे पडलेले दिसतात; ते बिझेनचेच असावेत असे विद्वान मानतात. पुढे १३७१ साली इमागावा र्‍योशुन हा योद्धा आणि कवी पश्चिमेकडे जात असता इम्बेच्या शेजारील कागातो गावावरून गेला. घरोघरी बरण्या घडविणारे गाव म्हणून त्याने आपल्या प्रवासवृत्तात त्याची नोंद केली आहे. इम्बेजवळचे काताकामी बंदर या व्यापाराचे द्वार होते. ह्योगो बंदरातील जकातीची १४४५ सालची नोंदवही उपलब्ध आहे. तीत बिझेनच्या बरण्यांच्या खेपांचा उल्लेख येतो. जी जहाजे बुडाली, त्यांतील माल शतकानुशतके समुद्रतळाशी पडून राहिला आणि अलीकडे कोळ्यांच्या जाळ्यांतून व पाणबुड्यांच्या हातून वर आला. शंख-शिंपले चिकटलेली ही भांडी आतून अगदी धडधाकट निघाली.

मागणी वाढली तशा भट्ट्याही वाढल्या. सोळाव्या शतकाच्या सुमारास निरनिराळ्या लहान भट्ट्या मोडून गावाच्या दक्षिणेस, उत्तरेस व पश्चिमेस तीन महाभट्ट्या उभ्या राहिल्या. दक्षिणेकडील सर्वांत मोठ्या भट्टीची लांबी सुमारे ५४ मीटर आणि रुंदी सुमारे ५ मीटर आहे. डोंगराच्या उतारावर पसरलेला एवढा मोठा अग्निकुंड एका कुटुंबाच्या आटोक्यातला नव्हता. अनेक घराण्यांनी आपापला माल आणावा, सर्वांनी मिळून तो आत रचावा आणि महिनाभराहून अधिक काळ रात्रंदिवस पाळीपाळीने जाळ राखावा, असा तेथील परिपाठ होता. एखाद्याच्या हयगयीने जाळ मंदावला, तर साऱ्या गावाची वर्षाची कमाई मातीत जावयाची. सहकार हा शब्द आपण फार वापरतो. इम्बेच्या लोकांनी तो भट्टीच्या तोंडाशी बसून शिकला. या भट्टीचे अवशेष आणि भोवतालचे तुटक्या खापरांचे डोंगर १९५९ साली जपान सरकारने राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून संरक्षित केले.

आतापर्यंतचा इतिहास हा उपयुक्ततेचा इतिहास झाला. परंतु पंधराव्या शतकात एक विलक्षण गोष्ट घडली. जपानी सरदार चहापानाच्या समारंभात तोपर्यंत चीनमधून आणलेली उंची, झिलईदार पात्रे वापरीत. मुराता जुको या चहाच्या आचार्याने या श्रीमंती थाटाला फाटा दिला. त्याचे एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात त्याने आपल्या शिष्याला बिझेन आणि शिगाराकी येथील ओबडधोबड भांड्यांविषयी लिहिले आहे. मात्र ते लिहिताना त्याने सावधगिरीचा इशाराही दिला आहे. ज्यांनी अद्याप चांगल्या वस्तू पारखल्या नाहीत, त्यांनी केवळ इतरांच्या देखादेखी ही रुक्ष भांडी मिरवू नयेत, असा त्याचा आशय आहे. साधेपणासुद्धा दिखाऊ होऊ शकतो, हे त्या पहिल्याच आचार्याने ओळखले होते!

पुढे सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू या थोर चहा-आचार्याने ही दृष्टी पूर्णत्वास नेली. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी सोन्याने मढविलेली चहाची खोली करवून घेत होता, त्याच काळात त्याचा आचार्य रिक्यू दोन चटयांच्या, मातीच्या भिंतींच्या झोपडीत पाहुण्यांना चहा देत होता. अशा झोपडीत लखलखीत पात्र शोभले नसते. शेतकऱ्याच्या घरी बी ठेवण्यासाठी असलेली बरणी थंड पाणी ठेवण्याचे पात्र झाली; तेलाची सुरई पुष्पपात्र झाली. भट्टीत वाकडे झालेले, राखेचे ओघळ उतरलेले भांडे लोक मुद्दाम निवडू लागले. या अभिरुचीला जपानीत 'वाबी' म्हणतात. दारिद्र्यातील शांतता, अपूर्णतेतील सौंदर्य, असे काहीसे तिचे वर्णन करता येईल. १५९१ साली हिदेयोशीच्या आज्ञेने रिक्यूला आत्मघात करावा लागला. पण त्याची अभिरुची टिकली आणि तिच्याबरोबर बिझेनचे नावही टिकले.

या ठिकाणी गोव्याचा एक धागा या कहाणीत गुंतलेला आहे. त्या काळी जपानला जाणारी पोर्तुगीज जहाजे गोवा, मलाक्का आणि पुढे मकाव या मार्गाने जात. १५४९ साली फ्रान्सिस झेवियर गोव्याहूनच निघून जपानच्या किनाऱ्यावर उतरला. त्याच्यामागून १५७४ साली आलेसांद्रो वालिन्यानो हा जेझुइट पंथाचा वरिष्ठ अधिकारी गोव्यास पोचला आणि १५७९ साली जपानात गेला. तेथील आचारविचारांची त्याने बारकाईने पाहणी करून जो वृत्तांत लिहिला, त्यात चहाच्या पात्रांविषयी एक मौजेची हकीकत आहे. बुंगो प्रांताच्या अधिपतीने त्याला मातीची एक लहानशी डबी दाखविली. तिच्यासाठी त्याने हजारो रौप्यमुद्रा मोजल्या होत्या. वालिन्यानोच्या मते पिंजऱ्यातील पक्ष्याला पाणी ठेवण्यापलीकडे तिचा काही उपयोग नव्हता आणि तो स्वतः तिला दोन कवड्याही देता ना. ती डबी बिझेनची होती असे नव्हे. पण ज्या समाजाची अभिरुची मातीला सोन्याचे मोल देत होती, त्या समाजाकडे पाहून एका बुद्धिमान परक्या माणसाला काय वाटले, हे यावरून कळते. अर्थात याच वालिन्यानोने हेही मान्य केले, की जपानी लोकांना युरोपीय लोकांचे हिरे-माणकांसाठी पैसे ओतणे तितकेच हास्यास्पद वाटते.

वैभवाच्या शिखरापलीकडे उतार असतोच. सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात हिदेयोशीने कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या. परत येताना जपानी सरदारांनी तेथील कुंभारांना कुटुंबांसह उचलून आणले. त्या पराधीन कारागिरांपैकी काहींनी सतराव्या शतकाच्या आरंभी क्यूशू बेटावरील आरिता येथे योग्य माती शोधून काढली आणि जपानात चिनी मातीची पांढरीशुभ्र भांडी होऊ लागली. पांढऱ्यावर निळी नक्षी, हलके वजन, धुवावयास सोपे; शिवाय माल विपुल. हळूहळू ती सामान्य घरांतही पोचली. तांबूस, जड, खरबरीत बिझेन मागे पडू लागले. रांजण आणि सुरिबाची यांची मागणी राहिली, पण तीही दुसरीकडील स्वस्त मालाने कुरतडली.

ओकायामाचे इकेदा सरदार या धंद्याचे आश्रयदाते होते. त्यांनी कुंभारकीचा हक्क किमुरा, मोरी, कानेशिगे, तोंगू, तेरामी आणि ओआए अशा सहा घराण्यांकडे ठेवला. या घराण्यांनी काळाप्रमाणे नाना प्रयत्न केले. अत्यंत बारीक मातीच्या पातळ सुरया केल्या. देवदेवता, सिंह, पक्षी यांच्या सुबक मूर्ती केल्या. या काळातील सर्वांत भव्य काम मात्र एका शाळेच्या छपरावर आहे. इकेदा मित्सुमासा या सरदाराने १६७० साली शिझुतानी येथे एक विद्यालय स्थापिले. सरदारांच्या मुलांबरोबर सामान्य रयतेच्या मुलांनाही तेथे प्रवेश होता. त्याचे मोठे सभागृह १७०१ साली पुरे झाले. त्याच्या छपरावर बिझेन पद्धतीने भाजलेली कौले घातली. तीनशे वर्षांहून अधिक काळ पाऊस आणि हिम झेलून ती आजही तांबूस झळाळीने उभी आहेत आणि ते सभागृह जपानची राष्ट्रीय संपत्ती म्हणून गणले जाते. खालच्या लाकडी जमिनीवर बसून पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांनी धडे गिरविले. त्यांच्या डोक्यावरचे छप्पर कुंभारांनी सांभाळले.

एवढे करूनही उतार थांबला नाही. एकोणिसाव्या शतकात महाभट्ट्या पेटविणे परवडेनासे झाले आणि तेनपो काळात, म्हणजे १८३०-४० च्या दरम्यान, कमी जळणात लवकर भाजणारी एक लहान भट्टी बांधण्यात आली. १८६८ साली जपानात नवी राजवट आली आणि सरदारांचा आश्रय संपला. कारखाने, रेल्वे, नव्या नगरांची गटारे यांचे युग अवतरले. तेव्हा ज्या हातांनी चहाची पात्रे घडविली, त्याच हातांनी मातीचे नळ आणि भट्टीच्या विटा केल्या. पोट भरले, पण विद्या विसरू लागली. दुसऱ्या महायुद्धात तर याहून विचित्र वेळ आली. सैन्याला धातू हवा होता म्हणून शाळांच्या आवारातील निनोमिया किन्जिरो या आदर्श बालकाचे ब्राँझचे पुतळे वितळविले गेले आणि त्यांतील काहींच्या जागी बिझेनच्या मातीचे पुतळे उभे राहिले. पुढे लोखंडही संपले, तेव्हा देशातील निरनिराळ्या कुंभारगावांकडून, बिझेनकडूनही, मातीचे हातबॉम्ब करवून घेण्यात आले. न फुटणाऱ्या सुरिबाचीसाठी ख्यातनाम असलेल्या गावाला फुटण्यासाठीच भांडी करावी लागली. इतिहासाचा असा क्रूर विनोद क्वचितच आढळेल.

या पडत्या काळात ज्या एका माणसाने जुनी विद्या पुन्हा जागविली, त्याचे नाव कानेशिगे तोयो. १८९६ साली इम्बेतील त्या सहा घराण्यांपैकी एकात त्याचा जन्म झाला. तरुणपणी त्याने नाजूक मूर्तिकामात नाव मिळविले होते. पण १९३० च्या सुमारास त्याचे मन त्या सुबकतेवरून उडाले. रिक्यूच्या काळातील भांड्यांत जो जोम आहे, तो आपल्या हातून का उतरत नाही, हा प्रश्न त्याला छळू लागला. विचारावे कोणाला? साडेतीनशे वर्षांपूर्वीचे कुंभार काही लिहून गेले नव्हते. लिहून गेली होती ती खापरे. जुन्या भट्ट्यांभोवतीची खापरे गोळा करावी, त्यांची माती पाहावी, कोणत्या बाजूने ज्वाला लागली, कोणते भांडे कोणावर ठेवले होते, हे त्यांवरील डागांवरून ओळखावे आणि मग स्वतःच्या भट्टीत तसेच करून पाहावे, असा त्याचा क्रम सुरू झाला.

त्याला जे पुन्हा हस्तगत करावे लागले, ते काय होते हे समजून घेण्यासारखे आहे. पहिली गोष्ट माती. बिझेनची उत्तम माती 'हियोसे' या नावाने ओळखली जाते. ती डोंगरात सापडत नाही. भाताच्या शेतांखाली, दोन-तीन मीटर खोलीवर, तिचा थर असतो. युगानुयुगे डोंगरावरून वाहून आलेला गाळ तेथे साचलेला आहे. कापणी झाल्यावर हिवाळ्यात शेत खोदून ती काढतात, आणि कित्येक वर्षे मुरू देऊन मग चाकावर घेतात. तिच्यात लोहाचे प्रमाण बरेच, चिकटपणा भरपूर. पण उष्णता सोसण्याची शक्ती कमी आणि भाजताना ती पुष्कळ आकसते. अशा मातीवर झिलई नीट बसत नाही. एकदम जोराचा जाळ दिला तर ती फुगते किंवा तडकते. म्हणून उष्णता अगदी सावकाश, दिवसादिवसाने चढवावी लागते. म्हणजे बिझेनला झिलई नाही आणि बिझेनची भट्टी इतके दिवस चालते, या दोन्ही गोष्टींचे मूळ त्या शेताखालच्या मातीतच आहे. कुंभाराने मातीवर आपली इच्छा लादली नाही; तिचा स्वभाव ओळखून त्याने आपली रीत ठरविली.

दुसरी गोष्ट अग्नी. जळण म्हणून तांबड्या पाइनचे लाकूड घेतात. त्यात राळ असल्याने त्याची ज्वाला लांब जाते. भट्टीत कोणते भांडे कोठे ठेवावे यावरच त्याचे रूप अवलंबून असते, कारण रंग देणारा दुसरा कोणी नाहीच. जळणाची राख उडून भांड्याच्या खांद्यावर बसते आणि वितळून पिवळसर ठिपके उमटतात; त्यांना 'गोमा', म्हणजे तीळ, असे म्हणतात. भट्टीच्या तळाशी निखाऱ्यांत आणि राखेत अर्धवट गाडलेल्या भांड्याला हवा पुरत नाही; त्यावर निळसर करडी, काळी छटा चढते. तिला 'सांगिरी' म्हणतात. एका भांड्यावर दुसरे लहान भांडे ठेवले, तर तेथे ज्वाला न पोचल्याने लाल वर्तुळ राहते. त्याला जपानी लोकांनी 'बोतामोची' या आपल्या गोड लाडवाचे नाव दिले आहे. आणि सर्वांत मोहक ते 'हिदासुकी'. एकमेकांत ठेवलेली भांडी चिकटू नयेत म्हणून त्यांना भाताचा पेंढा गुंडाळीत. पेंढा जळून जाई, पण त्याच्या प्रत्येक काडीची शेंदरी रेघ फिकट मातीवर कायमची उमटे. जी गोष्ट केवळ सोयीसाठी केली, तिच्यातून अलंकार जन्मास आला.

या शेंदरी रेघेचे रहस्य रसायनशास्त्रज्ञांनी आता उकलले आहे. पेंढ्यात पोटॅशियम असते. त्याच्या योगाने मातीचा वरचा थर लवकर वितळतो आणि त्या वितळलेल्या थरात कुरुंदाचे, म्हणजे माणिक आणि नीलमणी ज्या द्रव्याचे असतात त्याच द्रव्याचे, सूक्ष्म स्फटिक तयार होतात. भट्टी सावकाश निवत असता मातीतील लोह या स्फटिकांभोवती लाल रूपात साकळते. आपल्या गेरूला जे द्रव्य लाली देते, तेच हे. भट्टी लवकर निवविली, तर हा रंग खुलत नाही. अणू-रेणूंचे हे ज्ञान इम्बेच्या जुन्या कुंभाराला नव्हते. पण सावकाश तापवावे, सावकाश निववावे, हे तो अचूक जाणत होता.

कानेशिगेच्या साधनेला यश आले. युद्धानंतर १९५० साली जपानने सांस्कृतिक संपत्तीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचा एक विशेष असा, की मंदिरे आणि मूर्ती यांच्याबरोबर माणसाच्या हातातील कौशल्यही राष्ट्राची संपत्ती मानले गेले. जे श्रेष्ठ कारागीर असे कौशल्य धारण करतात, त्यांना लोक 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणतात. १९५६ साली कानेशिगे तोयोला हा मान मिळाला; बिझेनमधील तो पहिलाच. १९६७ साली तो निवर्तला. त्याच्यानंतर १९७० साली फुजिवारा केइ, १९८७ साली यामामोतो तोशू, १९९६ साली फुजिवारा यू आणि २००४ साली इसेझाकी जुन यांना हाच मान लाभला. यांतील फुजिवारा केइ तर चाळिशीच्या सुमारास साहित्याचा नाद सोडून चाकावर बसला होता. युद्धोत्तर काळातच कोयामा फुजिओ या संशोधकाने बिझेन, शिगाराकी, ताम्बा, एचिझेन, तोकोनामे आणि सेतो या सहा स्थळांना 'सहा प्राचीन भट्ट्या' असे नाव दिले. पुढील उत्खननांत मध्ययुगीन भट्ट्या याहून कितीतरी अधिक सापडल्या, तरी ते नाव टिकून राहिले आणि २०१७ साली या सहांना मिळून 'जपानचा वारसा' म्हणून मान्यता मिळाली.

येथे कहाणी संपवून टाळ्या घेता येतील. पण मग ती अर्धीच सांगितल्यासारखे होईल. बिझेन वाचले खरे, परंतु कोणते बिझेन वाचले? बी साठविणारी बरणी, लोणच्याचा रांजण, सुनेच्या हातची सुरिबाची ही नव्हेत. त्यांची जागा प्लास्टिकने आणि पोलादाने घेतली. वाचले ते संग्राहकाच्या कपाटातील चहाचे पात्र, पुष्पपात्र, मद्याची सुरई. त्या काळच्या शेतकऱ्याला जे भांडे सहज परवडे, त्याचा आजचा वारस नामांकित कुंभाराच्या सहीने विकला जातो आणि सामान्य माणूस त्याची किंमत पाहून मागे सरतो. जुकोने दिलेला इशारा येथे पुन्हा आठवावा. साधेपणा जेव्हा दुर्मीळ होतो, तेव्हा तोही चैनीची वस्तू बनतो.

शिवाय भविष्याची चिंता आहेच. शेताखालची माती युगांनी साचविलेली आहे. ती एकदा काढली की पुन्हा भरून येत नाही. जपानच्या पाइन वृक्षांना एका रोगाने ग्रासल्यामुळे जळणाचे लाकूडही पूर्वीसारखे विपुल राहिलेले नाही. महिने महिने भांडी घडवावी, ती सारी एका भट्टीत रचावी, दहा-बारा रात्री जागून काढाव्या आणि भट्टी उघडल्यावर काय हाती लागेल याचा नेम नसावा, असे जीवन पत्करणारे तरुण हवेत आणि त्यांचा माल रोजच्या जेवणात वापरणारी घरेही हवीत. या दुसऱ्या गोष्टीची निकड ओळखून तेथील अनेक कुंभार ताटल्या, वाडगे, पेले अशी रोजच्या वापराची भांडी आवर्जून करतात. बिझेनच्या पुष्पपात्रात फुले अधिक दिवस टवटवीत राहतात, अशी त्यांच्या गिऱ्हाइकांची श्रद्धा आहे. ती शास्त्राच्या कसोटीला कितपत उतरेल ते असो. पण एखादे भांडे वापरल्याने अधिक सुंदर होत जाते, हाताच्या स्पर्शाने त्याचा खरबरीतपणा मवाळ होतो, हा अनुभव मात्र ज्याच्या घरी ते आहे त्याला रोज येतो.

राजांनी बांधलेले किल्ले आणि तलवारीने जिंकलेली राज्ये यांचे इतिहास आपण आवडीने वाचतो. इम्बेच्या कुंभारांनी राज्य जिंकले नाही. त्यांनी राजवटी बदलताना पाहिल्या, आश्रय आला आणि गेला, नळ करावे लागले, विटा कराव्या लागल्या, बॉम्बही करावे लागले. या साऱ्यांतून त्यांच्यापाशी जे शिल्लक राहिले, ते म्हणजे एका विशिष्ट मातीची ओळख आणि एका विशिष्ट अग्नीची सवय. ती ओळख ग्रंथात नव्हती, आणि एक पिढी जरी गाफील राहिली असती तर केवळ खापरांचे ढीग उरले असते. कानेशिगेला ती खापरे वाचता आली, कारण त्याच्या बोटांना मातीची भाषा घरातूनच येत होती. जगात ठिकठिकाणी, कुंभाराच्या चाकापाशी, विणकराच्या मागापाशी, अशा न लिहिलेल्या विद्या आज शेवटच्या जाणकाराच्या हातात उरल्या आहेत. तो हात निवाला की त्या विद्येची खापरे वाचणाराही कोणी राहत नाही.